पोर्ट ब्लेअरला दिवस लवकर बुडतो

माझी आत्ती गुणमाला घड्याळ वापरत नाही. दिवस कुठवर आला हे ती अंगणातल्या सावलीवरून सांगते, आणि आभाळ भरलं असलं की जवळ असेल त्याला विचारते. मिळेल ते उत्तर धरून चालते. दुसऱ्याला विचारून खात्री करून घेणं तिच्या स्वभावात नाही.

सूर्य बुडाल्यावर तोंडात अन्न घालायचं नाही, हा तिचा नियम. आम्हा जैनांच्या घरात यात नवल काही नाही. पण आत्तीच्या नियमामागे एक संध्याकाळ आहे. तिचे यजमान आदगोंडामामा मिरजेच्या दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होते. दिवसभर ती उशाशी बसून होती. सात वाजता नर्सनं तिला बळंच खाली कॅन्टीनमध्ये पाठवलं. ती वर आली तेव्हा मामांच्या तोंडावर चादर ओढलेली होती. "माझ्या तोंडात वडा हुता गं, तवा ते गेले," एवढंच ती एकदा मला म्हणाली. महिन्याभरानं तिनं मुनिमहाराजांपुढे बारा वर्षांचा नियम घेतला.

तो ती कसा पाळते हे आमच्या गावानं महापुरात पाहिलं. कृष्णेनं गाव चारी बाजूंनी वेढलं आणि आत्ती पंधरा-वीस जणांबरोबर शाळेच्या गच्चीवर चार दिवस अडकली. पहिली बोट आली ती अंधार पडल्यावर. जवानानं बिस्किटांचे पुडे वाटले. आत्तीनं पुडा घेतला, पदरात बांधला. "माताजी, खा लो," जवान म्हणाला. "खाती की," आत्ती म्हणाली, "सूर्याला येऊ दे." आणि सकाळी ऊन गच्चीवर आल्यावरच पुडा फोडला.

मला कॉलेजात शिकवायचं काम मिळालं तेव्हा मी तिला म्हटलं, "आत्ती, तुला अंदमानला नेते."

"बेटावर राहून झालंय माझं चार दिवस," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पर चल. लोकं मुद्दाम बघायला जात्यात म्हंजे ते बेट तरी बरं असंल."

नियमाची बारा वर्षं फाल्गुनात पुरी होणार होती. आम्ही गेलो मार्गशीर्षात. निघताना शेजारच्या बनुबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "विमानात काय खाशील गं गुणमाला? ढग?"

"तू दशम्या करून दे की. हाताला काय झालंय तुझ्या?"

बनुबाईंनी खरंच करून दिल्या. सकाळी चेन्नईच्या विमानतळावर त्यातल्या शेवटच्या दोन आत्तीनं खाल्ल्या आणि मधुमेहाची गोळी घेतली. त्यानंतर तिच्या पोटात काही नव्हतं. हे मला ठाऊक होतं.

विमान खाली येऊ लागलं तशी ती खिडकीला कपाळ टेकून बसली. "किती गं हे पानी," ती म्हणाली. "आनि कुनाच्या घरात शिरंना."

शहराचं नाव आता श्री विजयपुरम झालंय, पण रिक्षावाला पोर्ट ब्लेअरच म्हणत होता. चढ-उताराचे रस्ते, पत्र्याची घरं, मध्येच माडांच्या फटीतून निळा तुकडा. खोलीवर सामान टाकून आम्ही थेट किनाऱ्यावरच्या बागेत गेलो. कठड्याशी बसून आत्ती समोरच्या छोट्या बेटाकडे बघत राहिली. पाणी दगडावर आपटून तिच्या साडीवर उडालं की ती लहान मुलीसारखी हसायची. मामा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. उठूया, जेवायचं बघूया, हे मला सुचलं नाही. मोबाईलमध्ये चारच तर वाजले होते. सांगलीला दिवस बुडायला सहा वाजतात.

ढग आले, वारा सुटला, तेव्हा उठलो. अबर्डीन बाजारात तीन हॉटेलांत विचारलं. कांदा, लसूण, बटाटा, आलं काहीच नको म्हटल्यावर तिन्हीकडून हसून परत पाठवलं. चौथी एक छोटी खानावळ होती, तमिळ नवरा-बायकोची. बाई म्हणाली, ताजा भात टाकते, दही कालवून देते. आत्ती बाकावर बसली. तिचा हात टेबलावर थरथरत होता, कपाळ घामानं ओलं झालं होतं. मी साखर मागून घेतली, तर तिनं मान हलवली. "भातासंगट खाती. घाई कशाला?"

आत ट्यूबलाईट लागली होती. बाहेर सगळं राखाडी. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली आणि मी मोबाईल पाहिला. सूर्यास्त चार सत्तावन्न. वाजले होते पाच वीस. हे शहर आपल्यापासून किती पूर्वेला आहे, हे नकाशात कितीदा तरी पाहिलेलं.

भात आला. आत्तीनं ताटाला हात लावला आणि थांबली.

"श्रद्धा, दिवस हाय न्हवं अजून?"

"हाय की," मी म्हटलं. "ढगात हाय. सहा कुठं वाजल्यात?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला आणि जेवायला लागली. पहिला घास तिनं किती सावकाश खाल्ला ते मला अजून आठवतं. हाताची थरथर थांबली. तिचा जीव वाचवला असं मी स्वतःला सांगत होते. वाचवायचाच होता तर खरं सांगून साखर खायला विनवता आलं असतं. तिनं ऐकलं नसतं, तर डॉक्टर शोधता आला असता. मी सगळ्यांत सोपं होतं ते केलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ लख्ख. कॉर्बिन्स कोव्हच्या वाळूत आम्ही बसलो होतो आणि सूर्य समुद्रात न जाता पाठीमागच्या टेकडीआड गेला. आत्ती वळून बघत होती. "वाजलं किती?"

"पाच."

"पाचलाच बुडाला?" ती माझ्याकडे वळली. "मग काल गं?"

"काल आपण साडेचारच्या आत जेवलो की."

"व्हय? मला लय उशीर वाटला बघ." तिनं वाळू झटकली. "भुकेनं वाटलं असंल."

त्यानंतर मी त्या शहरात काय पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही. सेल्युलर जेलच्या कोठड्या पाहिल्या, बाजारात शिंपले घेतले. आत्ती सगळं डोळे भरून बघत होती, आणि मी रोज चारला तिला जेवायला बसवत होते.

गावी आल्यावर ती बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, बायकांना सांगायची, "समुद्राच्या मधी बी नियम सुटला न्हाई. आमच्या श्रद्धीनं सांभाळलं मला." बायका माझ्याकडे कौतुकानं बघायच्या. फाल्गुनातल्या अष्टाह्निकेच्या आठ दिवसांत उद्यापन ठरलं. विधानाच्या पूजेची तयारी झाली, आमंत्रणं गेली.

चार दिवस आधी दुपारी ती बदाम निवडत बसली होती. मी समोर बसले आणि सांगून टाकलं.

तिनं सूप बाजूला ठेवलं. "तुला तवाच म्हाईत हुतं?"

"व्हय."

"दुसऱ्या दिवशी विचारलं, तवा बी?"

"व्हय."

"न जेवता मरते का काय, असं वाटलं तुला?" मी मानेनं हो म्हटलं. "आगं, मेले असते तर नियमात मेले असते. त्यांच्यापाशी जायला तोंड तरी असतं."

तिनं चप्पल घातली आणि बस्तीकडे निघाली. मी मागोमाग. तिथले पुजारी, उपाध्ये, गंध उगाळत होते.

"आवं उपाध्ये, उद्यापन न्हाई करायचं. मी तिकडं दिवस बुडाल्यावर जेवले."

उपाध्ये गडबडले. "नकळत झालं असंल तर प्रायश्चित्त घ्या, गुणमालाक्का. सगळी तयारी झालीया."

"नकळत कसलं? दार चार पावलांवर हुतं. उठून भायेर बघितलं न्हाई मी."

"उपाध्ये, मी तिला—"

"तू गप."

तिनं एक दिवसाच्या उपवासाचं प्रायश्चित्त घेतलं आणि बारा वर्षांचा नियम पुन्हा पहिल्यापासून. सहासष्ट वर्षांची आहे ती.

वाटेत मी म्हटलं, "आत्ती, मला क्षमा कर."

"केली."

"राग आलाय?"

"आलाय की. क्षमा केली की राग जातो, असं कुनी सांगितलं तुला?"

मग आम्ही घरोघरी फिरलो. प्रत्येक दारात ती तेच वाक्य बोलली, मी दिवस बुडाल्यावर जेवले, आणि प्रत्येक दारात मी तोंड उघडलं की तिचा हात माझ्या मनगटावर यायचा. अकरा घरं झाली. बाया हळहळल्या, एकदोघी आत गेल्यावर हसल्या, ते तिनंही ऐकलं.

शेवटी बनुबाईंचं घर. त्या पायरीवर बसल्या होत्या. "काय गं, जोडीनं निघालाय?"

आत्तीनं श्वास घेतला. त्याआधी मीच बोलले. "बनुबाई, आत्तीनं विचारलं तवा मी खोटं बोलले. दिवस बुडाला हुता. मला म्हाईत हुतं. दोनदा खोटं बोलले."

मनगटावर हात आला नाही. बनुबाई माझ्याकडे, मग आत्तीकडे बघत राहिल्या.

आत्ती पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. "पानी दे गं बने," ती म्हणाली. "दोघींला दे. लय चाललो."