सोळा हातांचा लालटेन

नागपूरच्या धंतोलीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आजूबाजूला सगळे दवाखाने, त्यामुळे दिवसभर माझ्या हातात लोकांचे गुडघे, किडन्या आणि फुफ्फुसं. जोडीला मी लग्नाचे बायोडाटा करून देते. वर गणपती, खाली नाव, जन्मवेळ, उंची, वर्ण, शिक्षण, आणि मग आमच्याकडचा खरा रकाना, मामकुळ. म्हणजे आईच्या माहेरचं कुळ. बाप कितीही मोठा साहेब असो, मामकुळ सांगितल्याशिवाय आमच्या विदर्भात सोयरीक पुढं सरकत नाही. माझी जीभ जरा तिखट आहे. कोणी उंची वाढवून सांगायला लागला की मी त्याला सरळ भिंतीवरच्या पट्टीशी उभा करते.

नत्थूजी पहिल्यांदा आला तो मागच्या वर्षी जानेवारीतल्या एका दुपारी. साठीचा माणूस, खांद्यावर दुपट्टा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून घडी केलेला एक कागद.

"बाई, आमच्या लालटेनचा बायोडाटा करून पाह्यजे."

"पोराचं नाव लालटेन काहून ठेवलं गा?" मी म्हटलं. बोलताना माझ्या तोंडातून हेच निघतं, लिहिताना तेवढी मी शहाण्यासारखी लिहिते.

"पोरगा नाई जी, घोडा आहे."

मी चष्मा काढला आणि त्याला नीट पाहून घेतलं. पिऊन आलेला वाटत नव्हता. मग त्यानं शांतपणे सगळं सांगितलं. कळमन्याच्या बाजारातले संत्र्याचे व्यापारी चंपतराव यांना घोड्यांचं भारी वेड. शर्यतीत पाय दुखावलेला एक अस्सल थरोब्रेड घोडा त्यांनी पुण्याहून विकत आणला आणि मौद्याच्या शेतावर ठेवला. नत्थूजी लहानपणापासून त्याच शेतावरचा. ट्रकमध्ये घोड्याशेजारी उभा राहून त्यानंच त्याला पुण्याहून आणलं होतं. आता चंपतराव गेले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे, दुर्गेशकडे आला. दुर्गेशचं म्हणणं असं, की घोडा नुसता उभा आहे. आखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, एखादी चांगली घोडी याच्यापाशी लागायला आली तर ठीक, नाही तर खच्ची करून वरातवाल्यांना देऊन टाकू.

"बँडबाज्यापुढं, झुली घालून," नत्थूजी म्हणाला. "त्याचा वंश तिथंच संपते, बाई. घोडीवाल्याईले त्याच्या खानदानाची माहिती कोनी देल्लीच नाई. देल्ली असती तं आल्या असत्या."

त्यानं कागद उघडला. इंग्रजीतला वंशवृक्ष होता, डावीकडे घोडा आणि उजवीकडे फुटत गेलेल्या फांद्या. घोड्याचं कागदावरचं नाव 'लास्ट लँटर्न', त्याचा यानं केला लालटेन. मी बाकीची नावं वाचायला लागले तर म्हणे, अर्थ सांगा. मग मी सांगत गेले. बाप डिस्टंट बेल, म्हणजे दूरची घंटा. आजा सॉल्ट विंड, खारा वारा. आई क्वायट व्हेरांडा, शांत ओसरी. आईची आई ब्लू ऑगस्ट, म्हणजे काय सांगू, निळा श्रावण म्हण.

नत्थूजीनं डोळे मिटले होते. "शांत ओसरी," तो पुटपुटला. "निळा श्रावण." मशीन घरघरत होती, बाहेर रुग्णवाहिका ओरडत होती, आणि हा माणूस भलत्याच कुठल्या तरी ओसरीवर जाऊन बसला होता. खोटं कशाला सांगू, क्षणभर मीही तिथं गेले.

मग डोळे उघडून त्यानं विचारलं, "मायची बाजू खाली काहून आहे?"

"अशीच पद्धत असते. बाप वर, आई खाली."

त्यानं कागद उचलला आणि उलटा करून माझ्यासमोर ठेवला. "असं करा."

मी तसंच केलं. वर गणपती, 'चि. लालटेन', वर्ण कुम्मैत, म्हणजे काळसर तांबडा, कपाळावर पांढरा चांदवा. मग मामकुळ, शांत ओसरी, निळा श्रावण आणि त्यामागच्या तीन पिढ्या. त्याखाली बापाकडचे. मूळ इंग्रजी नावं बारीक अक्षरांत शेजारी. उंचीच्या जागी कागदावर होतं 'सिक्स्टीन हँड्स', ते मी लिहिलं, उंची सोळा हात. हा शहाणपणा पूर्णपणे माझा. इंग्रजांचा घोडा मोजायचा हात म्हणजे तळहाताची रुंदी, चार बोटं. आमचा हात कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. हे मला कोण सांगणार? नत्थूजीला वाचता येत नव्हतं, आणि जिला येत होतं ती मी.

आठ दिवसांत तो बायोडाटा मोबाइल-मोबाइलवर फिरून परत माझ्याकडेच आला, कोणीतरी खाली लिहिलेलं, 'मौद्यात ताडाएवढा घोडा.' माझी वहिनी फोनवर हसून हसून बेजार. "सोळा हात तं आपल्या आजीचं लुगडं होतं वं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रविवारी दुकान बंद केलं आणि माफी मागायला मौद्याची बस पकडली.

शेतावर पोचले तेव्हा दुपार कलली होती. लांब वीज प्रकल्पाच्या चिमण्या, त्यांचा पांढरा धूर आभाळात जाऊन थांबल्यासारखा. मोहाच्या झाडाखाली नत्थूजी बादली पालथी घालून बसलेला आणि त्याच्यासमोर लालटेन. मला घोड्यातलं काही समजत नाही, पण त्याला पाहून मी जागीच थांबले. ऊन त्याच्या पाठीवरून तेलासारखं ओघळत होतं. नत्थूजी त्याचं मामकुळ म्हणत होता, हळू, जात्यावर बसलेल्या बाईसारखा. निळ्या श्रावणाची शांत ओसरी, शांत ओसरीचा लालटेन. प्रत्येक नावाला घोड्याचा एक कान वळे. मी तिथंच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसले. किती वेळ बसले कोण जाणे. मला वाटत राहिलं, की धुराच्या पलीकडे समुद्र आहे, खारा वारा येतोय, आणि कुठल्या तरी परक्या गावातल्या घोड्या एकामागून एक शेताच्या कडेनं चालत येताहेत, आपल्या नातवाला पाहायला.

माफी मागितली तेव्हा तो रागावला नाही. "लोकं हासून राहिले, पन पाहाले येऊन राहिले ना. काल सात जन आले. म्हनत, बाकीचा घोडा कुठं ठेवला?"

"घोडी आली का एखादी?"

"नाई."

तिथंच, त्या धुऱ्यावर, मी त्याला विचारलं की लग्न का नाही केलंस. जिभेला हाड नाही माझ्या. तो म्हणाला, "बायोडाटा नाई बनला ना बाई." त्याची आई या शेतावर कामाला आली होती. तो रांगत असतानाच वारली. कुठून आली, कोणाची लेक, कोणी विचारलं नव्हतं. चंपतरावांच्या वडिलांच्या मजुरांच्या हजेरीत तिचं नाव होतं, 'नत्थूची आई'. एवढंच. दोन ठिकाणी बोलणी चालली, दोन्हीकडं मामकुळ विचारलं. "तिसऱ्या जागी मीच नाई गेलो," तो म्हणाला आणि घोड्याच्या मानेवर हात फिरवत राहिला. मला फार वाईट वाटलं. सत्तावीस वर्षं मी तो रकाना टाइप करते आहे, आणि तो रिकामा राहिलेल्या माणसाचा विचार एकदाही केला नव्हता.

एप्रिल उजाडला. आखजी पंधरा दिवसांवर आली. एका सकाळी सासूच्या गुडघ्याचे कागद झेरॉक्स करायला एक बाई दुकानात आली, सत्यवती नावाची. उमरेड रोडला तिचं घोडेस्वारी शिकवायचं मैदान आहे. माझ्या टेबलाच्या काचेखाली लालटेनचा बायोडाटा ठेवलेला होता. ती वाचून आधी पोट धरून हसली, मग परत पहिल्यापासून वाचायला लागली.

"डिस्टंट बेलचा मुलगा? इथं, मौद्याला?"

तिच्याकडे शर्यतीतून निवृत्त झालेली एक घोडी होती. तिसऱ्याच दिवशी सत्यवती तिला गाडीत चढवून मौद्याला निघाली आणि वाटेत मलाही बसवलं. दुर्गेशही हजर होता, पांढरे बूट घालून. घोडी उतरली, करड्या रंगाची, लांब मानेची. लालटेन पलीकडून असा खिंकाळला की मोहावरचे पक्षी उडाले. नत्थूजीनं नवा दुपट्टा घेतला होता. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

"पेपर दाखवा जी," तो म्हणाला.

सत्यवतीनं घोडीचा कागद माझ्या हाती दिला. बापाचं नाव मी मोठ्यानं वाचलं. मग खाली आले. आईच्या जागी लिहिलं होतं, क्वायट व्हेरांडा.

मी थांबले. सत्यवतीला बापांची नावं पाठ होती, आईकडं तिनं पाहिलंच नव्हतं. दुर्गेशला घाई होती. नत्थूजीला इंग्रजी येत नाही. मी एक नाव गिळलं की लालटेन वाचला. सांगते, गिळणारच होते मी. "आईचं नाव जरा पुसट आहे," असं तोंडातून निघूनही गेलं.

नत्थूजी जवळ आला. त्यानं कागद माझ्या हातातून घेतला, उलटा केला, आणि त्या अक्षरांवर बोट ठेवलं. महिनोन् महिने तो तेच दोन शब्द पाहत आला होता. वाचता येत नसले तरी ओळखता येत होते.

"शांत ओसरीच आहे ना वं हे?"

मी मान हलवली. माझी नजर वर होईना.

"मंग बहीन होय ते त्याची." त्यानं कागद सत्यवतीला परत दिला. "नाई लावता येत बाई. वापस न्या."

दुर्गेश उसळला. "जनावरात कोन बहीन-भाऊ पाह्यते, नत्थूजी? घोडीला तं आपल्या आईचं नाव मालूमबी नव्हतं."

"म्हनूनच तं सांगतलं," नत्थूजी म्हणाला. "कोनी सांगतलं तरच मालूम होते. नाई तं कोनाचंच कोनी नसते."

दुर्गेशनं फोन काढला आणि आमच्यादेखत वरातवाल्याला आखजीनंतरचा वार दिला. निघण्याआधी नत्थूजीनं घोडीला कुंपणाशी नेलं. दोघं नाकाला नाक लावून बराच वेळ उभे होते, आणि तो मध्ये उभा राहून आजीचं नाव सांगत होता. परत येताना मी गाडीत रडले.

आखजीच्या तीन दिवस आधी दुकानापुढं तीच गाडी थांबली. मागे दुसरी घोडी होती, तांबडी.

"ही माझी सगळ्यात लाडकी आहे," सत्यवती म्हणाली. "कोणाकडेच पाठवत नव्हते. सगळे आपल्या घोड्याची वरची बाजू सांगतात. खालची बाजू सांगून घोडी परत पाठवणारा मला एकच भेटला. चला, मामकुळ वाचायला तुम्ही पाहिजेत."

या वेळी मी आधी आईचंच नाव वाचलं. वेगळं निघालं. नत्थूजीनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्या बैठकीतच सत्यवती दुर्गेशला म्हणाली, हा घोडा खच्ची करू नका, माझ्या ओळखीतल्या आणखी घोड्या आहेत. दुर्गेशनं वरातवाल्याला परत फोन लावला आणि सौदा मोडला.

यंदा होळीच्या सुमारास तांबड्या घोडीला शिंगरू झालं, कपाळावर चांदवा असलेलं. तिसऱ्या दिवशी नत्थूजी दुकानात आला, तीच प्लास्टिकची पिशवी घेऊन. मी फॉर्म उघडला. वर्ण कुम्मैत. उंची, मी लिहिलं, 'अजून वाढते आहे', पुन्हा हाताच्या भानगडीत पडायचं नव्हतं. मामकुळ वर, बापाची बाजू खाली, आणि त्या बाजूला लालटेन. सगळ्यात शेवटी मी माझ्या मनानं एक रकाना वाढवला. सांभाळणारे, नत्थूजी. वाचून दाखवलं.

तो पडद्याकडं वाकला. मग म्हणाला, "माह्या नावाच्या वरतं जागा आहे का वं थोडी?"

"आहे ना. काय लिहू?"

"माही माय. हजेरीत जशी होती तशी."

मी लिहिलं, नत्थूची आई. ठळक अक्षरात केलं. दोन प्रती काढल्या. एक त्यानं पिशवीत घातली, दुसरी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.