प्रतीक्षाने न घेतलेलं इंद्रजाल

अकोल्याच्या जुन्या शहरात शालिकराम आणि पार्बताबाई यांचं फुलांचं दुकान आहे. त्यांची मुलगी प्रतीक्षा मळ्यातल्या विहिरीत, पाठीला रिकामी कॅन बांधून पोहायला शिकली. पुढे प्राणिशास्त्र शिकली आणि आता मालवणच्या समुद्रात काम करते. पाण्याखालच्या खडकांवर टेप पसरून तिथली प्रवाळं आणि समुद्रपंखे मोजते. होडीवाल्यांनी खडकावर नांगर टाकू नये म्हणून होड्या बांधायला तरंगती पिंपं बसवते.

दिवाळीत ती घरी आली, तेव्हा समाजाच्या सभागृहात तिचा सत्कार ठरला. मी शाळेत मुख्य लिपिक, येत्या मे महिन्यात निवृत्त होणार. समाजाच्या कार्यक्रमांची व्यवस्था नेहमी माझ्याकडे असते. शाल, नारळ आणि भेट म्हणून काचेत मढवलेलं इंद्रजाल मी आणलं. काळी, जाळीदार वस्तू. जंगलातलं दुर्मीळ मूळ म्हणून यात्रेत विकतात आणि नजर लागू नये म्हणून लोक दारावर लावतात. यापूर्वी चार घरांना मीच ते दिलं होतं. पोरगी खोल पाण्यात उतरते, तिला हेच योग्य, असं वाटलं.

फ्रेम पाहताच तिने हात मागे घेतले. "काका, हे नको," ती हळूच म्हणाली.

माईक माझ्या हातात होता. "घे वं बाई, लाजून काय राहिली! फोटोवाला थांबला ना!"

लोक हसले. ती नुसती शाल आणि नारळ घेऊन खाली उतरली.

कार्यक्रम संपल्यावर ती जवळ आली. "काका, हे मूळ नोहे. समुद्रातल्या बारीक जिवांची वसाहत आहे. मी मोजतो ना, तेच हे. खडकावरून उपटून, वाळवून विकतात. कायद्यानं याले वाघाएवढं संरक्षण आहे. तिथं बोलली असती त तुमची फजिती झाली असती. वनविभागात जमा करून द्या."

दारात समाजाचे अध्यक्ष महादेवराव उभे होते. "पाह्यलं? चार बुकं शिकली त माजली. देवाची वस्तू नाकारते!"

प्रतीक्षा चार पावलांवर होती. तिने ते का नाकारलं, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. मी म्हणालो, "हो ना, आजकालची पोरं."

तिने वळून पाहिलं नाही.

ती मालवणला परतली. आठवड्याने मी हार घ्यायला दुकानात गेलो. पार्बताबाई शेवंती ओवत होत्या. "भाऊजी, पोरीनं काहून असं केलं? गिऱ्हाईकं टोमणे मारून जातात. तिले इचारलं त म्हणते, जाऊ दे."

मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. "मले सांगून काय होते? ज्यायले सांगाचं त्यायले सांगा."

फ्रेम वनविभागात दिली, अर्जावर माझं नाव लिहिलं. ते सोपं गेलं. तिथून महादेवरावांकडे गेलो. त्यांच्या दारावर मीच दिलेलं इंद्रजाल होतं.

"हे काढून न्यायला आलो," मी म्हणालो आणि कारण सांगितलं.

महादेवरावांनी दाराकडे पाहिलं. "म्हणजे त्या दिवशी तुमाले माहीत होतं? अन् तुमी मले हो म्हटलं?"

"हो."

"मंग लावा तिले फोन. माह्यासमोर."

मी लावला. लागला नाही. त्या वेळी ती पाण्याखाली असते. महादेवरावांनी मला बस म्हटलं नाही. मी दारातच, इंद्रजालाच्या खिळ्याखाली उभा राहून दर पाच मिनिटांनी फोन लावत राहिलो.