तिसऱ्या ताटाचा खर्च

लालबागचं घर सोडून मी गिरगावात मावशीकडे राहायला आले, तेव्हा माझ्याकडे दोन बॅगा होत्या आणि माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असतो असा एक समज होता.

घर का सोडलं याची कारणं वकीलबाईंनी घटस्फोटाच्या अर्जात चार पानं भरून लिहिली. ती वाचून मला अर्जातल्या बाईची फार दया आली. सगळं खरं होतं, पण ती बाई सारखी अश्रू ढाळत होती आणि मी तर बहुतेक वेळा चिडलेली असायचे. माझ्या शब्दांत सांगायचं तर, त्या घरात कुठलाही निर्णय माणसं घेत नसत. सासरचं गाव सिंधुदुर्गात. काही ठरवायचं असलं की सासूबाई गावी फोन करत. चुलत दीर देवळात जाई, गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना भिजवलेली फुलं चिकटवून गाऱ्हाणं घाली, आणि सगळे वाट बघत बसत. उजवीकडचं फूल आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. याला कौल लावणं म्हणतात. फ्रिजचा रंग तेवढा देवाला विचारला नव्हता, कारण दुकानात रंग तीन होते.

लग्नाआधी मी एका ग्रंथालयात नोकरी करत होते. लग्नानंतर वर्षभरात त्या नोकरीचाही कौल लागला. डावं फूल पडलं. मी हसले. नवरा हसला नाही. मी महिनाभर भांडले आणि मग रोज भांडायचा कंटाळा येऊन राजीनामा दिला. पुस्तकांमध्ये आयुष्य घालवलेली माणसं भांडणात अधिक दमदार असतात, हा गैरसमज आहे.

"देवाने नोकरी सोडायला लावली, हे मी लिहू कसं?" दादरच्या पोटमाळ्यावरच्या ऑफिसात वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "देवाला प्रतिवादी करता येत नाही हो."

"नवऱ्याने लावली असं लिहा."

"तेच लिहिते. पण ते ठळक लिहायला हवं. ते लगेच म्हणणार, बाई शिकलेली आहे, कमावू शकते, हिला पोटगी कशाला?"

मग त्यांनी मला पोटगी कशी ठरते ते समजावलं. नवऱ्याची मिळकत किती, त्याच्यावर अवलंबून कोण, बायको काय कमावते आणि काय कमावू शकेल, नोकरी सोडली असेल तर कुणामुळे, दोघं एकत्र असताना कसं राहत होते, आता ती कुठे राहते. दोघांनी आपापली मिळकत आणि खर्च शपथेवर लिहून द्यायचा. मग न्यायाधीश दोन्ही कागद शेजारी ठेवून बघतात.

"शेवटचं तर सोपंच आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही राहता कुठे?"

"मावशीकडे."

"झालं तर मग."

तसं ते सोपं नव्हतं. मावशीची इमारत पाडून तिथे टॉवर व्हायचा होता. तिने मुलाकडे नाशिकला जायचं ठरवलं होतं. ग्रंथालयात माझ्या जागेवर दुसरी बाई होती आणि मुद्रितशोधनाचं जे थोडं काम मिळत होतं त्यात खोलीचं भाडं निघत नव्हतं. मावशी जाण्याआधी अंतरिम पोटगी मंजूर झाली तर परळच्या बाजूला एखादी खोली घेता येणार होती. नाही झाली तर मला लालबागला परत जावं लागणार होतं. मावशी हे बोलून दाखवत नसे. फक्त अधूनमधून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवत असे.

त्याच सुमारास दादरच्या बाजारात लालबागच्या चाळीतली सासरची शेजारीण भेटली.

"काय गं, काल किती हाका मारल्या तुला! गॅलरीत कपडे वाळत घालत होतीस. वळून बघितलंस पण नाही. एवढा भाव?"

"काल मी गिरगावात होते, वहिनी. मी तिथेच राहते आता."

"चल, काहीही! ती जांभळ्या काठांची साडी नेसली होतीस. पाठमोरी असलीस म्हणून मी तुला ओळखणार नाही?"

ती हसत होती. मग तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू मधेच राहिलं. निवडून बाजूला ठेवलेली कोथिंबीर न घेताच ती गर्दीत निघून गेली. जांभळ्या काठांची साडी मी लालबागलाच ठेवून आले होते.

"चष्म्याचा नंबर वाढला असेल तिचा," मावशी म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

मग नवऱ्याचं लेखी उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं की अर्जदार आजही सासरच्या घरीच राहते, दोन वेळ तिथे जेवते, घरकाम करते; सबब पोटगीचा प्रश्नच उद्भवत नाही. सोबतच्या खर्चाच्या प्रतिज्ञापत्रात घरात माणसं तीन दाखवली होती: तो, आई आणि पत्नी. किराणा तिघांचा, दूध तिघांचं, मासळी तिघांची.

"सराईत आहे," वकीलबाई म्हणाल्या.

पण तो सराईत नव्हता. सगळ्या संसारात मी त्याला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं; त्याला तेवढी कल्पनाशक्ती नाही. ते उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यातली बाई सकाळी उठून पाणी भरत होती, सासूबाईंचे पाय चेपत होती, कुणाला उलट बोलत नव्हती. मी असं कधीच वागले नव्हते. ती बाई कुणाला तरी दिसत असल्याशिवाय तिच्याबद्दल इतकं बारीक लिहिता येणार नाही, असं मला वाटून गेलं. तो विचार मी मावशीला सांगितला नाही.

आता मी लालबागला राहत नाही हे मला सिद्ध करायचं होतं. माणूस अमुक ठिकाणी आहे हे दाखवता येतं, नाही हे कसं दाखवणार? माझं आधार कार्ड लालबागचं, रेशन कार्डावर नाव लालबागला, बँकेतला पत्ता लालबागचा. गिरगावात माझ्या बाजूने एक मावशी होती, आणि ती नात्यातली. कागदांच्या बाबतीत ती दुसरी बाई माझ्यापेक्षा पुष्कळ भक्कम होती.

शेवटी न्यायाधीशांनी न्यायालयाच्या समुपदेशक बाईंना घरी जाऊन बघून यायला सांगितलं. मलाही सोबत न्यायचं ठरलं. समेट होतो का तेही बघायचं होतं. आम्ही भर दुपारी गेलो. चाळीवर शेजारच्या टॉवरची सावली पडते, त्यामुळे तिथे दुपारीही दिवे लावावे लागतात. दार सासूबाईंनीच उघडलं.

"येवा, बसा," त्या समुपदेशक बाईंना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुमी पण बसा."

त्या मला नेहमी 'गो' म्हणत. रागावल्या तरी 'गो'च म्हणत.

"आई, मी आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे अगदी लक्षपूर्वक पाहिलं. नजर स्वच्छ होती. "व्हय, व्हय," त्या आदबीने म्हणाल्या. "बसा." आणि पाहुण्यांसाठी ठेवलेले फुलाफुलांचे ग्लास काढून आम्हा दोघींना पाणी दिलं.

"आजी, तुमची सून कुठे आहे?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

"नळार गेली हा. येतली आता."

त्या चाळीत दुपारी नळाला पाणी नसतं.

नवरा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. तो भिंतीला टेकून उभा होता आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता. गॅलरीतल्या दोरीवर जांभळ्या काठांची साडी वाळत होती. तिच्या एका टोकातून पाणी ठिबकत होतं. आरशाखालच्या कंगव्यात केस होते, माझ्याइतके लांब. ते माझेच असणार. मी गेल्यापासून कंगवा कुणी साफ केला नसेल. हे स्पष्टीकरण पुरेसं आहे आणि मी त्यावर कायम आहे.

"हा काय प्रकार आहे?" समुपदेशक बाईंनी त्याला हलक्या आवाजात विचारलं.

"ही गेली, तेव्हा आईने गावी कौल लावायला सांगितला. सून घरात आहे काय, म्हणून. उजवं फूल पडलं."

"पण सून परत येईल का, असं विचारायचं असेल ना त्यांना?"

"गाऱ्हाणं गुरव घालतो. काय विचारलं गेलं ते आमच्या हातात नाही. उत्तर पाळायचं असतं."

"तुम्हाला दिसते ती?"

"आई तिचं ताट वाढते," तो म्हणाला. "साडी धुते. वकिलाने विचारलं घरात किती माणसं, तेव्हा आईनेच सांगितलं, तीन."

तोवर सासूबाईंनी जेवणाची तयारी केली होती. "जेवान झाला मां तुमचा?" त्यांनी आम्हाला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तीन ताटं मांडली. तिसरं ताट माझ्या जागी, मोरीकडे पाठ करून बसायची जागा. त्यांनी त्यात भात वाढला, वर बांगड्याची आमटी घातली, आणि मग चमच्याने मसाल्याचं एकेक तिरफळ वेचून बाहेर काढलं.

"तिका तिरफळ गावला तर जेवची नाय," त्या समुपदेशक बाईंना कौतुकाने म्हणाल्या.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं! इतकी वर्षं मी त्या घरात आमटीतली तिरफळं ताटाच्या कडेला लावत आले होते, आणि त्यांनी एकदाही ती काढून वाढलं नव्हतं. मी तिथे खुर्चीवर पाहुणीसारखी बसले होते, हातात फुलांचा ग्लास होता, आणि ज्या घरातून मी निघून आले होते तिथे माझ्या जागी बसणाऱ्या कुणाचे तरी लाड चालले होते. खरं सांगायचं तर मला भीती वाटायच्या आधी मत्सर वाटला. भीती जिना उतरताना वाटली. मागून कुणीतरी भरलेली बादली उचलून नेत असल्यासारखा आवाज आला, आणि मी वळून पाहिलं नाही.

पुढच्या तारखेला न्यायाधीश बाईंपुढे समुपदेशकांचा अहवाल आणि नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र असे दोन्ही कागद होते. त्यांनी काळ्या कोटांची भाषणं हाताने थांबवली आणि थेट त्याला विचारलं, "तुम्ही तिघांचा खर्च दाखवलाय. तिसरं कोण?"

"पत्नी, मॅडम."

"पत्नी इथे उभी आहे."

त्याच्या वकिलाने काहीतरी सुरू केलं. न्यायाधीशांनी त्यांना बसायला सांगितलं.

"ही बाई आज तुमच्या घरी राहते का? हो की नाही, एवढंच सांगा."

पंखा फिरत होता. लेखनिक बाईंची बोटं कळफलकावर थांबली होती. माझी खोली, माझं पुढचं सगळं त्या एका शब्दावर होतं, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी होते. त्याने मान खाली घातली होती. खोटं त्याला येत नाही हे मला माहीत होतं. त्याला काय खरं वाटतं, हे मात्र मला माहीत नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

न्यायाधीश बाई लगेच मजकूर सांगू लागल्या. उभयतां विभक्त राहत असल्याचं प्रतिवादीला मान्य. आई त्याच्यावर अवलंबून, तिच्या औषधांचा खर्च ग्राह्य. अर्जदार शिक्षित असली तरी तिने नोकरी सासरच्या इच्छेनुसार सोडली. सध्याची तिची किरकोळ मिळकत विचारात घेतली. तिसऱ्या व्यक्तीचा खर्च वगळण्यात येतो. मग आकडा. मी मागितलेल्या रकमेहून कमी, वकीलबाईंनी मला घातलेल्या भीतीहून जास्त. परळला एक खोली मिळेल एवढी.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी हिशेब समजावला. आईच्या खर्चाला हात न लावता, त्याने पत्नीच्या नावाने दाखवलेला सगळा खर्च काढून माझ्याकडे वळवला गेला होता. "अगदी न्याय्य आहे," त्या म्हणाल्या. "तुमचंच तुम्हाला मिळालं." मी हो म्हटलं. मावशी नाशिकला गेली. मी परळच्या खोलीत राहू लागले. पोटगी पहिल्या महिन्यापासून वेळेवर येते. तो माणूस वेळेचा पक्का आहे.

मुख्य दाव्याच्या तारखेला आम्ही दोघं एकाच बाकावर, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून बसलो होतो. तो वाळला होता.

"एक सांगायचं होतं," तो समोर बघत म्हणाला. "घरी परत येऊ नकोस. कुणाबरोबरही. आई घाबरली त्या दिवशी."

"मला?"

"विचारत होती, ती बाई कोण होती. हुबेहूब आमच्या सुनेसारखी दिसत होती म्हणाली. आता दार लावूनच असते. सुनेला जपायला हवं म्हणते."

मग तो म्हणाला, "तिसऱ्या माणसाचं सामान आता परवडत नाही, असं मी तिला सांगितलं. तिने वाद घातला नाही. आता स्वतःच्या ताटातलं अर्धं काढून ठेवते."

"आणि ते? उरतं का तसंच?"

"मी दुपारी ऑफिसात असतो," तो म्हणाला. "संध्याकाळी ताट धुतलेलं असतं."

शिपाई दारात येऊन आमचा दावा पुकारू लागला. इथे प्रत्येक नाव दोनदा पुकारतात. माझं नाव त्याने एकदा घेतलं, आणि दुसऱ्यांदा घेण्याआधीच मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "हजर."