रिलीज : डावा पाय

संघमित्राचा पाय बुटात जाईना. तिने जोर लावला, मी जोर लावला. शेवटी तिच्या कृत्रिम पावलावर मी किराणा दुकानाची प्लास्टिकची पिशवी चढवली आणि पाऊल सर्रकन आत गेले.

"काका, हाच का तुमचा तीस वर्षांचा अनुभव?"

"अनुभव माझा. पिशवी वाण्याची."

अमेरिकेत, शॉमबर्गजवळच्या एका क्लिनिकमध्ये मी कृत्रिम पाय बनवीत असे. गोष्ट नव्वदच्या दशकातली. संघमित्रा गजभिये मूळची नागपूरची, इथल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. लहानपणी ट्रकखाली सापडून तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. ऑफिसचा ग्रुप विस्कॉन्सिनला स्कीइंगला निघाला, तेव्हा बॉसने तिला लॉजमध्ये बसून हॉट चॉकलेट पिण्याचा प्रेमळ सल्ला दिला. त्याच क्षणी तिचे जाणे नक्की झाले.

सामानाची निवड मी केली. कृत्रिम घोटा वाकत नाही, म्हणून मागून उघडणारा बूट. स्की-बूट नडगी पुढे झुकवतो. रोजच्या चालण्याचा पाय तसा झुकत नाही, म्हणून टाचेखाली पाचर. स्कीच्या वजनाने पायच निसटू नये, म्हणून मांडीला जादा पट्टा. राहिली बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. माणूस पडला की ती उघडली पाहिजे. या उघडण्याला 'रिलीज' म्हणतात. किती जोराला उघडावी, ते वजन, उंची, वय पाहून तक्त्यावरून ठरते आणि स्कीचे सामान भाड्याने देणाऱ्या दुकानातला टेक्निशियन तसा स्क्रू फिरवतो.

दुकान अपंग म्हणून तिला सामानच नाकारील, अशी मला धास्ती होती. म्हणून मी दुकानाला रजिस्टर्ड पत्र पाठवले. तीन पाने. पहिली दोन पाने अपंगांच्या हक्कांचा कायदा, कलमांसह. तिसऱ्या पानाच्या तळाशी एक वाक्य : डावी बाइंडिंग तक्त्यापेक्षा घट्ट करू नये, कारण पाय कृत्रिम असला तरी वरचा गुडघा खरा आहे. विषय म्हणून ठळक अक्षरांत लिहिले : 'रिलीज : डावा पाय'.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती अगदी सोप्या उतारावर पडली. उजवी स्की सुटली. डावी सुटली नाही. स्कीबरोबर पाय पिळला गेला आणि सगळा पीळ गुडघ्याने सोसला. आतला अस्थिबंध तुटला. गुडघ्याखाली पाय नसलेल्या माणसाचे सगळे चालणे त्या एका गुडघ्यावर असते.

मी दुकान गाठले. डाव्या बाइंडिंगचा स्क्रू शेवटपर्यंत आवळलेला होता.

"हा कोणी आवळला?"

"मीच, सर," टेक्निशियन निरागसपणे म्हणाला. "आर्टिफिशियल लेग आहे. मोडणार काय? सारखी स्की सुटून बिचारी पडू नये, म्हणून टाइट केली."

"माझे पत्र वाचलेत?"

"कसलं पत्र?"

मॅनेजरने खण उघडला. 'अपघात झाल्यास दुकान जबाबदार नाही' असा एक फॉर्म इथे प्रत्येक गिऱ्हाईक सही करून देतो. त्यालाही 'रिलीज' म्हणतात. संघमित्राच्या फॉर्मला मागून माझे पत्र स्टेपल केले होते.

"वर रिलीज लिहिलंय, आणि आत सगळा कायदा," मॅनेजर म्हणाला. "आम्हाला वाटलं, वकिलासाठी आहे. जपून ठेवलं."

मी संतापलो. त्यानंतर सहा पत्रे लिहिली. पुढची पत्रे वकिलाकडे धाडा, असे दुकानाने कळवले. वकिलाने फॉर्मची झेरॉक्स पाठवली. सही तिचीच होती. सरकारी कचेरीने तक्रार 'योग्य विभागाकडे' पाठवल्याचे कळवले. त्या विभागाचे नाव मला आजतागायत कळलेले नाही. 'सही म्हणजे आंधळेपणाचा परवाना नव्हे,' हे माझे वाक्य मला फार आवडले होते. त्याला उत्तर आले नाही.

तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. सूज इतकी होती की कृत्रिम पाय चढेना. कित्येक महिने कुबड्या. दिवसभर उभे राहण्याचे प्रयोगशाळेतले काम सुटले. तिला फायलिंगला बसवले, त्याच बॉसने, तितक्याच प्रेमाने.

सातही पत्रांच्या प्रती घेऊन मी तिला भेटायला गेलो. आपल्या बाजूने कोणीतरी भांडते आहे, हे तिने पाहावे, अशी इच्छा होती. तिने पहिले पत्र उचलले, पाने उलटली आणि तळाच्या वाक्यावर थांबली.

"एवढंच होतं, काका?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत? तो स्क्रू आवळत होता, तेव्हा मी समोरच उभी होते. मला विचारलंही त्याने, टाइट चालेल का म्हणून. मी म्हटलं, चालेल."

मी सातही पत्रे गोळा करून परत पिशवीत घातली.

निवृत्त होईपर्यंत मी पत्रे लिहीतच राहिलो. मात्र स्क्रूची सूचना मी आधी, एका ओळीत, ज्याचा पाय त्याच्या हातात देऊ लागलो.