सुधाकरदादाची कमांड

सुधाकरदादा गेल्याचा फोन त्याच्या मुलीने म्हसळ्याहून केला. "काका, बाबा झोपेतच गेले," एवढंच म्हणाली. त्याला आता महिना उलटून गेला.

माणगावजवळच्या कारखान्यात मी लागलो, तेव्हा कॉम्प्युटर रूम त्याच्याच ताब्यात होती. काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करून मशीनला बोलतं कसं करायचं, हे त्याने मला शिकवलं. जवळा-कांद्याचा डबा मात्र बाहेर व्हरांड्यात खायला लावायचा. कीबोर्डला वास लागला की शिव्या. कुठलंही मशीन मुकं झालं की त्याची पहिली कमांड ठरलेली, इफकॉन्फिग. ती मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता सांगायची. "आधी इचार, कुठं ऱ्हातोस. भांडण मग," असं म्हणत तो एंटर दाबायचा.

पुढे मी विभागप्रमुख झालो, नवे सर्व्हर आले. त्यांत इफकॉन्फिग नव्हतीच, तिच्या जागी 'आयपी' नावाची कमांड आली होती. पहिल्याच आठवड्यात एक सर्व्हर अडला. सगळे भोवती जमले, दादाने सवयीने इफकॉन्फिग टाइप केलं आणि पडद्यावर उमटलं, 'कमांड नॉट फाउंड'. स्पेलिंग चुकलं असेल म्हणून त्याने एकेक अक्षर बघत पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. मागून नव्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "दादा, ती वारली हो." सगळे हसले. मीही हसलो.

आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. त्या प्रसंगाच्या काही दिवस आधीच केबिनमध्ये माझ्याही पडद्यावर हेच उमटलं होतं. नवी कमांड मी दार लावून पाठ केली होती. जुनी परत बसवणं म्हणजे चहा यायच्या आत होणारं काम, तेही ठाऊक होतं. 'माझंही असंच झालं' एवढं म्हणायचं होतं... पण साहेबाचंही अडतं, हे त्या मुलांना दिसायला नको होतं.

दादा खुर्चीतून उठला. "नवी शिकू. त्यात काय हाय, साहेब."

तोवर मी त्याचा विन्या होतो. नंतर निवृत्त होईपर्यंत त्याने मला विन्या म्हटलं नाही.

परवा नवं मशीन आलं, त्यावर मी जुन्या कमांड बसवत होतो. शेजारी बसलेल्या स्नेहलने विचारलं, "सर, या कशाला? आता कोण वापरतं?"

"मी," म्हणालो. "मला अजून पहिली तीच आठवते."

ती हसली. मी तिला हसू दिलं, आणि तिच्यासमोरच इफकॉन्फिग टाइप केलं.