रिकामा डबा

आमच्या खरेदी-विक्री संघाची अँबॅसिडर चौदा वर्षं ड्रायव्हर कृपादानमामा भिंगारदिवे यांच्या हातात होती आणि चौदा वर्षांत तिचं इंजिन एकदाही उघडावं लागलं नव्हतं. हे मामा स्वतः कधी सांगत नसत. दुसऱ्यानं सांगितलं की मात्र गालातल्या गालात हसत. मला संघात कारकून म्हणून चिकटवलं तेही त्यांनीच, आमचे अध्यक्ष काकासाहेब यांच्याकडे शब्द टाकून. बहात्तरच्या दुष्काळात माणसांना प्यायला पाणी मिळेना, तेव्हासुद्धा मामा पहाटे चर्चच्या आडावर रांग लावत आणि गाडीसाठी एक डबा भरून डिकीत ठेवत.

एके दिवशी काकासाहेब बैठकीसाठी पाथर्डीला निघाले. ते मागे, मी कागद घेऊन पुढे मामांशेजारी. वाटेत दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या आणि टँकर आला नव्हता. काकासाहेबांनी डिकीतला डबा काढायला लावला आणि स्वतःच्या हातानं पाणी वाटलं. थोडं गाडीला राहू द्या, एवढंच मामा म्हणाले. काकासाहेबांनी थेंब ठेवला नाही. बाया त्यांना देवमाणूस म्हणाल्या. मलाही तेव्हा तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू?

पुढं पाच मैलांवर रेडिएटरचा पाईप फाटला. बॉनेटमधून वाफ निघाली आणि होतं नव्हतं ते पाणी रस्त्यावर सांडलं. मामांनी तिथल्या तिथं गाडी बंद केली. पाईप बांधता येईल, पण पाणी आणल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. काकासाहेबांना उशीर होत होता.

"चालव. माझ्या जबाबदारीवर चालव."

दोन मैलांत इंजिन जाम झालं.

संचालकांपुढं चौकशी झाली. गाडीत पाणी का नव्हतं, असं विचारल्यावर काकासाहेब म्हणाले, "डबा रिकामा होता. मी स्वतः पाहिला."

आता याला खोटं कसं म्हणायचं? अशा माणसांची हुशारी ती हीच. मामांनी मग घडलं तसं सगळं सांगितलं. याला साक्षीदार कोण, असं विचारल्यावर त्यांनी निर्धास्तपणे माझ्याकडे बोट केलं. काकासाहेबांनीही माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी अजून कच्ची होती. मी म्हणालो, माझं लक्ष कागदांत होतं.

त्याच दिवशी मामांना कामावरून काढलं. चावी द्यायला ते माझ्याच टेबलाशी आले. साहेबांनी घात केला, असं काहीतरी मी पुटपुटलो. मला माझीच लाज वाटत होती. मामांनी गाडीतून काढून आणलेला पाण्याचा डबा उचलला.

"साहेबाचं सोड," ते म्हणाले. "साहेब मागं बसला हुता. तू तर माझ्या शेजारी हुतास."