बॉनेटच्या फटी आणि निळ्या रेघा

बोईसरच्या कारखान्यांच्या छपरांवर आढ्याला लांबट व्हेंटिलेटर दिसतात, त्यांतले कित्येक माझ्या हातचे आहेत. बरेचसे आता गंजून गेले. तिथल्या हवेत पत्रा फार टिकत नाही. मी मूळचा मासवणचा, पत्र्याचं काम शिकून सत्तरच्या दशकात बोईसरला आलो. शेडमधली गरम हवा वर चढते, तिला सगळ्यात उंच जागी वाट करून द्यायची, एवढी एकच गोष्ट मला पक्की ठाऊक होती. तिच्यावर माझं घर चाललं. तीच गोष्ट मी एकदा एका गाडीच्या बॉनेटला लावली आणि चुकलो. पण आज लिहायला बसलो आहे ते त्या चुकीबद्दल नाही. चूक झाल्यावर मी जे केलं त्याबद्दल आहे. कुणाचंही नाव लिहिणार नाही. ज्याचं लिहायला हवं होतं तो आता नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं असतील. मी ज्या रंगाच्या कारखान्याची कामं करायचो, त्याच्या तरुण मालकाला गाड्या पळवायचा नाद होता. रस्त्यावर तेव्हा दोन-तीनच जातीच्या गाड्या दिसत. त्यांतली एक जुनी छोटी गाडी त्याने शर्यतीसाठी घेतली होती. मागची सीट, गालिचा, दारांचं अस्तर सगळं काढून टाकलेलं. इंजिनाचं काम करून घेतलं होतं. वर्षातून एकदोनदा विमानांच्या एका जुन्या, बंद पडलेल्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे तो ती पळवायचा. गाडी जोरात होती, पण चार-पाच फेऱ्यांत इंजिन तापायचं आणि शेठला बाजूला थांबावं लागायचं.

इंजिन बघायला त्याने किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातला माणूस आणला होता. बोटीची डिझेल इंजिनं खोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आम्ही त्याला तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणायचो. तो म्हणायचा, "तांडेल माझा बा होता. मी नुसता इंजिनवाला. तांडेल वारा बगतो, मी तेल बगतो." त्याचा थोरला भाऊ समुद्रावरून परत आला नव्हता. तेव्हापासून बायकोने त्याला बोटीवर पाय ठेवू नको म्हणून गळ घातली होती. जमिनीवरची नोकरी त्याला हवी होती, आणि ती शेठच्या हातात होती. शेठने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "गाडी शेवटच्या फेरीपर्यंत न तापता धावली, तर तांडेल कारखान्यात पर्मनंट. जनरेटर, पंप, सगळं त्याच्याकडे."

तांडेलने रेडिएटर साफ केला, पंप बदलला, इंजिनाचं वरचं डोकं, हेड, खोलून त्याच्याखालची सांधा बंद करणारी पातळ चकती, गॅस्केट, नवी घातली. हेडचे दहा नट त्याने हाताच्या अंदाजाने आवळले, क्रमाने, तीनदा फिरून. मग डब्यातला निळा ऑइलपेंट घेतला आणि बारीक ब्रशने प्रत्येक नटावरून हेडवर उतरणारी एकेक रेघ मारली. मी विचारलं, "इंजिनाला कुंकू लावतोस काय?"

"बोटीवर असंच करतात, मिस्त्री. इंजिन धडधडतं, नट फिरला तर रेघ तुटते. रेघ सरळ म्हंजे नट जागेवर. मग खोलून बगायला नको."

तरीही गाडी तापतच होती. तेव्हा शेठला कुठल्याशा परदेशी मासिकात फोटो दिसला. बॉनेटला फटी पाडलेली गाडी. तो फोटो घेऊन माझ्याकडे आला. "मिस्त्री, हे तुझं काम. गरम हवा बाहेर निघाली पाहिजे."

मी बॉनेटवर हात फिरवून पाहिलं. सगळ्यात उंच भाग मागे, काचेच्या पायाशी. माझ्या दृष्टीने तेच आढं. तिथे मी दोन बाजूंना सहा-सहा फटी कापल्या, प्रत्येकीवर पत्र्याची तिरपी पापणी उचलली, कडा कानशीने घासल्या. दोन दिवस लागले. इंजिन चालू करून गाडी उभी ठेवली, तर फटींवरची हवा थरथरताना दिसायला लागली. हात धरवत नव्हता इतकी गरम. शेठने माझ्या पाठीवर थाप मारली. कारखान्यातली माणसं बघायला आली. एक भय्या वेल्डर म्हणाला, "मिस्त्री, इसपे तो रोटी सेंक लो." मला फार बरं वाटलं. आयुष्यभर मी छपरांवर काम केलं होतं, तिथे कोण वर बघतो?

तांडेल मात्र वाकून फटींकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने जाळ्याचा बारीक नायलॉनचा धागा आणला, वितीएवढे तुकडे केले आणि चिकटपट्टीने बॉनेटभर लावले. काही पुढे रेडिएटरच्या मागे, काही माझ्या फटींच्या तोंडाशी. तारापूरच्या रस्त्यावर सकाळी वाहनं कमी असत. शेठ गाडी चालवत होता, मी शेजारी, तांडेल मागे पत्र्यावर बसलेला. गाडीने वेग घेतला तसे पुढचे धागे मागच्या बाजूला ताणले गेले. आणि माझ्या फटींपाशी लावलेले धागे वळले आणि फटींच्या आत शिरले. एकूण एक. जोर होता तोवर आतच राहिले. शेठचं लक्ष रस्त्याकडे होतं. मला ते स्वच्छ दिसलं.

परत आल्यावर चहाच्या टपरीवर तांडेलने मला बाजूला घेतलं. "मिस्त्री, तुमच्या फटी उलट्या चालतात. गाडी उभी असली तर गरमी भायेर येते, खरं हाय. पन पळताना वारा काचेवर आपटतो, तिथं साचतो आनि फटीतून खाली घुसतो. रेडिएटरमधून आलेली हवा मग जानार कुठं? पुढं कापा, रेडिएटरच्या मागं. तिथं वारा वर उचलतो."

"धाग्यावरून काय कळतं?"

"आमाला तर धाग्यावरूनच कळतं," तो हसला. "शेठना सांगू काय?"

बॉनेटला रंग लावून झाला होता. नंबर काढून झाला होता. मी म्हणालो, "नको. मी करतो. शर्यतीआधी करून टाकतो, तू बोलू नको."

तो बोलला नाही. मीही केलं नाही. कापलेला पत्रा भरून पुन्हा पुढे कापायचा, म्हणजे सगळ्यांसमोर चुकलो म्हणायचं. आज करू, उद्या करू म्हणत दिवस गेले. शर्यतीच्या सकाळी त्याने गाडी पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "शेठना बोललो होतो. ते म्हणाले, राहू दे, चालेल." मी शेठला काहीही बोललो नव्हतो.

गाडी सहाव्या फेरीला थांबली. थांबल्याबरोबर माझ्या फटींमधून वाफ उसळून वर गेली, सरळ, छपरावरच्या व्हेंटिलेटरमधून जाते तशी. गाडी उभी राहिल्यावर फटींनी आपलं काम चोख केलं.

दुसऱ्या दिवशी बोईसरला शेठने मला सांगितलं, "हेड तू खोल. त्याला हात लावू देऊ नको. गॅस्केट गेलंय, नट ढिले असणार. दुपारी येतो बघायला." तांडेलला त्याने घरी पाठवलं होतं.

शेडमध्ये मी एकटाच होतो. झाकण काढलं. दहा नट, दहा निळ्या रेघा. उष्णतेने काळपटल्या होत्या, पण एकही तुटली नव्हती. प्रत्येक रेघ नटावरून हेडवर सरळ उतरत होती. मी पाना बाजूला ठेवला. नट जागेवर होते, म्हणजे गॅस्केट ढिलाईने गेलं नव्हतं, तापून गेलं होतं. मग शेठ विचारणार, तापलं कशाने? मग धागे निघणार, चहाची टपरी निघणार, शर्यतीच्या सकाळी मी काय सांगितलं तेही निघणार.

मी चिंधी थिनरमध्ये बुडवली आणि रेघा पुसल्या. एक-एक करून, दहाही. वेळ फार लागला नाही. मग नट सोडवले.

शेठ आला, जळलेलं गॅस्केट हातात घेऊन म्हणाला, "ढिले होते ना?"

"दोन हलके लागले, शेठ," मी म्हणालो.

संध्याकाळच्या आत तांडेल गेटवर आला. आत सोडत नव्हते म्हणून मी बाहेर गेलो. त्याने फटींचं नावही काढलं नाही. ते शेठच्या मर्जीने तसं राहिलं, असं मीच त्याच्या डोक्यात घातलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "मिस्त्री, रेघा बगितल्या? तुटल्यावत्या?"

"रेघा नव्हत्याच."

"मी मारल्यावत्या."

"वाफेने गेल्या असतील."

तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. "ऑइलपेंट वाफेनं जात नाय," असं काहीसं पुटपुटला. मग म्हणाला, "मग राह्यलं असंल माझ्याकडून कायतरी." आणि गेला. मी त्याला हाक मारू शकलो असतो. गेटपासून रस्त्याच्या वळणापर्यंत बरंच अंतर आहे आणि तो हळू चालत होता.

नोकरी गेली. बोईसर लहान आहे, त्याच्या हाताला कारखान्यांत कुणी काम देईना. तो पुन्हा समुद्रावर गेला. इंजिनावर नाही, जाळं ओढायला. शेठने दुसरं बॉनेट आणलं. त्यात मी फटी पुढे कापल्या, रेडिएटरच्या मागे, अगदी तांडेलने सांगितल्या जागी. पुढच्या शर्यतीत गाडी शेवटच्या फेरीपर्यंत धावली, तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. शेठने मला सगळ्यांसमोर हार घातला. मी तो घालून घेतला.

पंधरा-सोळा वर्षांनी पालघरच्या बाजारात त्याची बायको दिसली, सुके बोंबील विकताना. तिने मला ओळखलं. तांडेल कसा आहे विचारलं तर म्हणाली, "हाय. बोट सोडली. पन पाना हातात घेत नाय. घरात स्टूलाचा स्क्रू निघाला तरी शेजाऱ्याला बोलवायला लावतो. गॅसचा रेग्युलेटर पन मीच बसवते. म्हनतो, माझा हात पक्का नाय."

त्याच आठवड्यात मी त्याच्या गावी गेलो. तो ओट्यावर जाळं सांधत बसला होता. मला बघून मोकळं हसला. "या मिस्त्री! पोट सुटलं की तुमचं. तिथं दोन फटी पाडून घ्या, गरमी जाईल."

चहा यायच्या आधीच मी सगळं सांगितलं. फटी, शेठला न सांगणं, रेघा, थिनर. त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. तांडेलने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाय मिस्त्री. सातवा नट. मला पक्का आठवते. आवळायच्या तिसऱ्या फेरीला पाना लावलाता आनि शेठनी हाक मारली. मी वळलो. तो तसाच राह्यला."

"सातव्यावर रेघ होती. सरळ होती. मी माझ्या हाताने पुसली."

"रेघ मी नंतर मारली असंल, न आवळता." तो जाळ्यात सुई घालत म्हणाला. "इतकी वर्सं मी रोज तो नट आवळतो डोक्यात. तुमी चांगलं मानूस हाय. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून एवढ्या लांब आलात."

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. तो लहान मुलाची समजूत काढावी तसा हसला. त्याच्यासाठी तो सातवा नट माझ्यापेक्षा जास्त खरा झाला होता, आणि तो तसा मीच केला होता.

बायकोचा मात्र माझ्यावर विश्वास बसला. मला ते तिच्या तोंडावरून कळलं. चहाचे दोन कप घेऊन ती बाहेर आली होती. एक तिने नवऱ्यापुढे ठेवला, दुसरा परत आत घेऊन गेली.

मी उठलो. तांडेल म्हणाला, "जाता जाता एक काम करा, मिस्त्री. त्या बोरिंगच्या दांड्याचा नट हललाय. पाना तिथं भिंतीला हाय. तेवढा आवळून द्या. तुमच्या हातचं असलं म्हंजे काळजी नाय."

मी पाना घेतला. ती दारात उभी राहून बघत होती. नट खरोखरच ढिला होता. मी तो आवळला, पुन्हा आवळला.

"पक्का?" त्याने ओट्यावरून विचारलं.

"पक्का," मी म्हणालो.